बटणाचा द्या

बोनसचे अकराशे, त्यातले दोनशे भिशीला,
उरलेले नऊशे रुमालात,
आणि रुमाल पिवळा, कारण आमचं सगळंच पिवळं.
मार्केट यार्डात हळद पॉलिश करायच्या गिरणीत
सतरा वर्षं झाली मला. ड्रम फिरायला लागला
की शेजारणीची शिंकसुद्धा ऐकू येत नाही,
नुसतं तोंड वेडंवाकडं झालेलं दिसतं.

मारुती रोडला मगदुमांच्या दुकानात
काचेखाली सहा प्लेअर निजलेले.
"मोबाईल आहे की तुमच्याकडं, मावशी,
त्यातच सगळं वाजतंय."
वाजतंय की. त्यात मुकादमही वाजतो,
भिशीवाली वाजते, धाकट्याची शाळा वाजते,
कर्ज हवंय का विचारणारी ती गोड पोरगी वाजते.
आणि हळदीचं बोट काचेवर चालत नाही.
जोरानं घासावं, तर गाणं पुढं सरकायचं सोडून
फोन लागतो कुणाला तरी.
एकदा नणंदेला लागला.
तिनं पाच मिनिटं ड्रमची घरघर ऐकली
आणि संध्याकाळी रडत दारात आली.

म्हटलं, बटणाचा द्या.

पहिला अठ्ठावीसशेचा. "ह्यात सिनेमा पण दिसतो."
कधी बघू?
दुसरा साडेतीनशेचा, बिस्किटासारखा हलका,
कार्ड वेगळं, वायर वेगळी,
आणि दोन तासांत मान टाकणार
हे मगदूम स्वतःच बोलून गेले.
तिसरा पांढराशुभ्र, पदराला अडकवायला चिमटा,
आठ जीबी, अकराशे पन्नास.

आम्ही हळद डोळ्यांनी कमी बघतो.
गड्डा की बोट ते हाताला कळतं,
आणि वाळली का नाही ते कानाला:
मोडायची, कट्ट वाजली की पोत्यात.
तसा तो प्लेअर कानाशी धरला
आणि बटण दाबलं.
कट्ट.
वाळलेला होता. हाच.

कानावरनं खाली घेतला तर पाठीवर
माझा अंगठा, रेषांसकट, पिवळाधमक.
मगदुमांनी रुमालानं पुसला, थुंकीनं पुसला,
मग स्पिरिट आणलं. अंगठा आपला तिथंच.
"आता हा कोण घेणार ओ दुसरं?"
मी रुमालाची गाठ सोडली.
नऊशे मोजून झाल्यावर ते हसले.
मुद्दाम केलं नाही मी.
शेवंता म्हणते, केलंस.

"गाणी कुठली भरू?"

हे मात्र ठरवून आले नव्हते.
कसलं तेल, किती किलो, कोण आजारी, कधी येणार,
एवढंच विचारतात लोक मला.
भजन भरू, लावणी भरू, जुनी भरू का,
ते विचारत राहिले आणि मी
काचेतल्या पाच प्लेअरकडं बघत बसले.

मग म्हटलं, एक आहे. पण नाव येत नाही.
"म्हणून दाखवा."
दुकानात गिऱ्हाईक. वर पंखा खडखडतोय.
मगदूम पोराला म्हणाले,
"बाबू, पंखा बंद कर जरा."

पंखा थांबला.
माझ्यासाठी काहीतरी थांबलेलं
मी पहिल्यांदाच बघितलं.

एक ओळ म्हटली. आवाज बरा लागला.
"दुसरी?"
दुसरी ओळ मला ठाऊकच नव्हती.
समोरच्या चहावाल्याच्या रेडिओवर ते गाणं लागायचं
आठाच्या ठोक्याला,
आणि आठाच्या ठोक्यालाच आमचा ड्रम सुरू.

त्यांनाही ओळखू आलं नाही. अंदाजानं
तीनशे दहा गाणी भरून दिली,
"ह्यातच असणार बघा कुठंतरी."

बुधगावच्या वडापमध्ये ऐकते येता-जाता.
पहिली ओळ आली की कळतं, हे नव्हे.
एकशे त्रेचाळिसावर आलेय.
वाटेत दुसरीच दोन-तीन आवडून बसलीत,
त्यांनी उशीर होतोय.

पाठीवरचा अंगठा आता फिका पडलाय.
बटणं मात्र रंगत चाललीत,
आणि पुढं जायचं जे आहे ना,
ते सगळ्यांत पिवळं.