तळघरातली खोली

सप्टेंबरात आला तेव्हा त्याच्याकडे दोन बॅगा होत्या.
एक कपड्यांची, लहान. दुसरी तिच्या तिप्पट,
तिचा वास त्याच्या आधी जिना उतरला.
बाप म्हणाला, "जेवायला कटकट करत नाही तो."
आई माझ्या स्वयंपाकघराकडे बघत राहिली,
तिथं काहीतरी मोजायचं राहिलं असावं तशी.

एमेट फ्रीझन. वय सतरा. गोलकीपर.
माझ्या घरातला नववा मुलगा.
क्लब महिन्याला थोडे पैसे देतो, ते दुधातच जातात.

गोलकीपर वेगळीच जात, असं मायरन म्हणायचा,
मायरन होता तोवर.
ताशी सव्वाशेनं येणाऱ्या रबराच्या वाटेतून
बाजूला व्हायचं सोडून आडवं पडायचं,
हे शिकून येत नाही, जन्मतःच एखादा स्क्रू ढिला लागतो.

सामन्याच्या दिवशी एमेट बोलत नसे.
दोन अंडी, कडा काढलेला टोस्ट, डावा मोजा आधी.
मी रेडिओ लावत नसे. कुत्रासुद्धा समजून होता.

ऑक्टोबरात ओळीनं सात हरले.
नोव्हेंबरात उत्तरेच्या खाणगावाहून येताना बस बंद पडली,
अकरा तासांचे सतरा झाले.
पहाटे पाचला, उणे चौतीसमध्ये, मी रिंकबाहेर गाडी चालू ठेवून बसलेली.
एकेक करून उतरली पोरं, काखेत उशा घेऊन.
दाढी यावी म्हणून रोज गाल खरवडणारी ही माणसं,
घरच्या उशीशिवाय झोपत नाहीत.

डिसेंबरात अस्वलांचा सामना.
आपला पहिला गोल झाला की सगळ्यांनी
कापडी अस्वलं बर्फावर फेकायची,
मग ती इस्पितळातल्या मुलांकडे जातात.
गोल झालाच नाही.
बाराशे माणसं मांडीवर अस्वल घेऊन अडीच तास बसली,
आणि समोर एमेट, एक्केचाळीस अडवले, बेचाळिसावा सुटला.
हरल्यावर कुणीतरी एक फेकलं. मग सगळ्यांनीच.
त्यानं मास्क वर केला, पायाशी पडलेलं एक उचललं,
कान फाटलेलं. ते इस्पितळात गेलं नाही.

दहा जानेवारीला फोन आला, त्याच्या तोंडात मॅकरोनी होती.
त्याला दिलं होतं एका बचावपटूच्या बदल्यात,
आणि वर चौथ्या फेरीतली एक निवड,
म्हणजे कुठल्यातरी गावातला चौदा वर्षांचा मुलगा,
जो कोण ते अजून कुणालाच ठाऊक नाही.
चाळीस मिनिटांत बॅगा भरून झाल्या.
दारात म्हणाला, "थँक्यू, मिसेस ह्रित्साक,"
आणि ताट सिंकमध्ये ठेवायला परत आत आला.

मी चादरी धुतल्या. तिसऱ्या दिवशी रेमी ब्युलाक आला,
त्याच पलंगावर पाय बाहेर काढून झोपू लागला.
टोस्ट कडांसकट खातो. दिवसभर बोलतो.
"हे अस्वल कुणाचं?"
"खोलीचं," म्हटलं.

मार्चमध्ये गाठ पडायची ती पडलीच. सातवा सामना.
माझी खुर्ची गोलमागची, पंधरा वर्षांची,
म्हणून दोन डाव माझ्यापुढे एमेटचीच पाठ.
शेवटून चौथ्या मिनिटाला रेमीनं निळ्या रेषेवरून मारला,
गर्दीतून, कुणाच्यातरी स्केटला लागून, आत.
सगळे उठले. मीही उठले, जरा मागाहून.
एमेटनं जाळीवरच्या बाटलीतलं पाणी प्यालं,
काच पुसावी तसा काठीनं पुढचा बर्फ साफ केला,
आणि परत वाकून उभा राहिला.

पुढच्या फेरीत आम्ही चारही हरलो. रेमी घरी गेला.
एप्रिलमध्ये तळघराच्या खिडक्या उघडल्या,
वास जायला तीन आठवडे लागतात.
सवयीनं आणलेलं चार लिटर दूध नासलं.

मे महिन्यात क्लबचा फोन. चौथ्या फेरीतल्याला आता नाव आहे.
ऑगस्टच्या शिबिराला येईल, चार रात्रींसाठी,
ठेवाल का?
नाव मी दोनदा विचारून घेतलं,
दुधाच्या बिलामागे लिहिलं.
अस्वल मी शेल्फवरून हलवलेलं नाही.