चोवीस पौंड

अब्बा गाद्या पिंजायचे.
त्यांच्या धनुकलीला आतड्याची तात असायची.
दस्ता बसला की भिंती घुमायच्या
आणि कापसाच्या धुरळ्यात बसून मी ओळखायचो
तात कोरडी आहे की दमट.
तेवढंच शिकलो. शाळा नववीपर्यंत.

पुढे फोमच्या गाद्या आल्या.
मी परभणीत स्टेशन रोडला रॅकेटी विणायला बसलो,
जुनं मशीन, त्याचा काटा दीड पौंड खोटं बोलायचा.
मी काट्याचं कधी ऐकलं नाही.

ढवाऱ्यांची कल्याणी आली तेव्हा नऊ वर्षांची.
आई एसटीत कंडक्टर, जिंतूर गाडीवर.
भावाची रॅकेट गल्ल्यावर ठेवून म्हणाली,
"काका, ही टक वाजत नाही. भद वाजते."
मी वर बघितलं.
सतरा पौंड लावली, पैसे घेतले नाहीत.

जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये कोर्ट होतं.
पत्रा तापला की शटल हलकं व्हायचं, लांब पळायचं,
आणि पंखा लावायचा नाही हा नियम,
मे महिन्यात,
परभणीत.
कोपऱ्यात अजून सरकी सापडायची.
ती पोर तिथं एकटीच
चार कोपरे पळत राहायची, समोर कुणी नसताना.

बावीसला जिल्हा.
चोवीसला राज्य, नंदिग्रामच्या जनरल डब्यात किटबॅगवर बसून.
सव्वीसला हैदराबाद.
मग मला उच्चारता न येणारी गावं,
आईनं पीएफ काढून घेतलेली तिकिटं,
पात्रता फेरी, पहिली फेरी, परत.
तीनशे बारा. एकशे अठ्ठ्याऐंशी. एकशे चार.
शंभराच्या आत कधी आली नाही.
पेपरात एकदा आली, आतल्या पानावर,
तेही 'कल्याणी ढवळे' म्हणून.

तिकडच्या मशीनवर तिचा भरवसा नव्हता.
इथे रात्रीचे दोन, फोन वाजायचा.
हॅलो नाही, काही नाही.
नखाची टिचकी. टिंग.
मी अंथरुणात डोळे मिटायचो.
"पुन्हा मार."
टिंग.
"दीड उतरली. थंडी आहे का तिथं?
लांब मारू नकोस, जाळ्याजवळ खेळव तिला."
बायको म्हणायची, कोण आहे?
मी म्हणायचो, रॅकेट.

गुडघा गेला ते बाकूला.
अठरा-एकोणीस, पुढे झेप घेतली
आणि आवाज आला, म्हणाली, गट तुटल्यासारखा.
मी झोपेत होतो. विचारलं,
"उभी तुटली की आडवी?"
पलीकडे कुणी बोललं नाही.
ते वाक्य अजून माझ्या दुकानात बसलेलं आहे.

अकरा महिन्यांनी आली, पंचवीस लाव म्हणाली.
मग चोवीस.
सगळे म्हणाले, डबल्स खेळ, गुडघा वाचेल.
"काका," म्हणाली,
"चूक कुणाची, ते मला कळलं पाहिजे."
आणखी दोन वर्षं खेळली. मी आकडे विचारले नाहीत.

आता पूर्णा जंक्शनला तिकिटं तपासते.
काळा कोट. किंचित लंगडते,
गाडी सुटताना कळतं फक्त.
पोळ्याच्या आदल्या दिवशी आली, रॅकेट ठेवली.
"किती लावू?"
"तुम्हाला वाटेल तेवढी."

तेवीस वर्षांत असं गिऱ्हाईक आलं नाही.
अर्धा दिवस मशीनला हात लावला नाही.
मग चोवीस लावली.

न्यायला आलेली नाही.
खिळ्यावर आहे, अब्बांच्या धनुकलीशेजारी.
धनुकलीला तात नाही, नुसतं लाकूड.
मालगाडी गेली की रॅकेट बारीक बोलते.
शटर ओढायच्या आधी मी रोज एक टिचकी मारून बघतो.
न खेळताही उतरतेच ती, थोडी थोडी.
काल साडेबावीस होती.
फोन आलाच मध्येच
तर सांगता यायला पाहिजे.