चौदा दिवस

रास्ता पेठेत, तळघरात, आमची लॅब.
वर झेरॉक्सवाला. त्याच्या मशीनची थरथर
छतातून उतरते, इन्क्युबेटरच्या काचेपर्यंत.

मंगळवारी एका गुडघ्याचं पाणी आलं.
पाणी म्हणायचं आपलं. ताकाच्या निवळीसारखं, चार मिली.
सोबत दुर्बिणीने काढलेले पाच तुकडे,
पाच बाटल्यांत, प्रत्येकाला वेगळा चिमटा.
चिठ्ठीवर: धायगुडे वत्सला, वय एकाहत्तर,
उजवा, बसवून तीन वर्षं.
'दोन आठवडे अँटिबायोटिक बंद'
याच्याखाली डॉ. ओसवालांनी दोनदा रेघ मारलेली.

एक्स-रे स्वच्छ. जखम केव्हाच भरलेली.
ताप नाही, लाली नाही, सूज असून नसल्यासारखी.
रक्तातला आकडा जरासा वर,
तेवढा तर दाढ दुखली तरी चढतो.
सगळे म्हणाले असणार, वय झालं, हवा बदलली.
तळजाईला जाणं बंद करा.
कुणीतरी म्हणालंच असेल, मनाचं असतं.

धातूवर बसतात ते. भांडत नाहीत.
ओंकारेश्वरापाशी नदीच्या पायरीवर हात फिरवून बघा,
तशी बुळबुळीत गोधडी अंगावर ओढून घेतात
नि पडून राहतात.
औषध वरून वाहून जातं.

पाचव्या दिवशी बाकीच्या प्लेटा आम्ही टाकून देतो.
या नाही.

नवव्या दिवशी, गुरुवारी, नळाला पाणी नसताना,
दोन नंबरची बाटली धुरकटली.
प्लेटवर खसखशीहून बारीक ठिपके.
ओळखीचा निघाला. सगळ्यांच्या कातडीवर राहतो,
माझ्या कपाळावरही, टिकलीच्या खाली.
मग हा त्यांच्या गुडघ्यातला
की माझ्याकडून पडलेला?
एका साक्षीवर कुणाचा गुडघा उघडत नाहीत.
मी कुणालाच फोन केला नाही.
त्या रात्री घरी कपाळ दोनदा धुतलं, उगाच.

रविवारी वरचं दुकान बंद. थरथर नाही.
चार नंबरची बाटली.
तोच.

चौदा दिवस भरले. रिपोर्ट मोबाईलवर जातो,
तरी बाई स्वतः आल्या, काठी घेऊन, अकरा पायऱ्या उतरून.
डॉक्टर समजावतील, मी म्हटलं.
त्यांनी चष्मा वर करून कागद डोळ्यांशी नेला.
'म्हणजे आहे.'
'आहे.'
'मग मी खोटं बोलत नव्हते.'
हे त्या मला म्हणाल्या नाहीत. भिंतीला म्हणाल्या,
जिथे आमचं हात धुण्याचं पोस्टर आहे.

आता तो धातू काढतील. सिमेंटचा गोळा ठेवतील,
दीड महिना, दोन महिने, मग पुन्हा नवा.
हे त्यांना माहीत होतं. विचारलं त्यांनी भलतंच:
'दिसतं का ते? दाखवा.'

नियमात बसत नाही. दाखवलं, बंद झाकणातून.
बराच वेळ बघत राहिल्या,
गव्हातला खडा बघावा तशा.
'एवढंसं?'

वर जाताना माझा हात नको म्हणाल्या.
कठडा धरला. मी खाली उभी राहून पायऱ्या मोजत होते.
सातवीला त्या थांबल्या.