दोन क्लिक मागे

डॉक्टर खानझोडे गाडी घेऊन आल्या तेव्हा
शेडचा पत्रा उन्हानं तडतडत होता,
आणि मी कळमन्याला मिरची आणणाऱ्या ट्रकचा
तुटलेला पाटा मोजत होतो, सुतळीनं.

गाडी एवढी बुटकी, की चाकाशी बोलायला
मला पोटावर झोपावं लागलं.

म्हणाल्या, सोमवार ते शनिवार ही मला
मेडिकल चौकातून ऑपरेशनला नेते.
शेजारी कधी कधी बाबा असतात, मणक्यात दोन स्क्रू.
रविवारी उमरेडच्या पुढची ती जुनी धावपट्टी.
तिथं वळणावर मला काहीही हललेलं चालत नाही.
दोन्ही पाहिजे, निमजे. एकाच गाडीत.

होते ना, मी म्हटलं.
आमच्याकडे आधी होते म्हणायचं, मग पाहायचं.

चारही डॅम्पर काढले. दिसायला साधे, काळे,
पण प्रत्येकाच्या कुशीत एक विजेचा व्हॉल्व,
डोळा लवायच्या आत ठरवणारा
तेलाला वाट किती द्यायची.
नवे आले लाकडी खोक्यात, अंगावर आटे कापलेले,
म्हणजे उंची आपल्या हातानं राखायची.
वायरी जोडल्या आणि समोर पिवळा दिवा:
सस्पेन्शनमध्ये बिघाड.
तीन दिवस तो दिवा. झोपेतही तो दिवा.
चौथ्या दिवशी रोहिदासनं एक पिन वाकलेली दाखवली
आणि चहाला निघून गेला, न हसता.

माझा बाप गोळीबार चौकाच्या मागे मागावर बसायचा.
ताणा लावला की डोळे मिटून
बोटाच्या पेरानं सूत छेडायचा, एकदाच.
ढिला असन तं फणी अडते, बे,
घट्ट असन तं पहिल्याच ठोक्यात तुटते.
मंग बरोबर कुठं असते? मी विचारलं होतं.
ते रोज येगळं रायते, तो म्हणाला. हवेवर.

लॅपटॉपवर मी तीन नकाशे लिहिले.
पहिला बाबांचा: सिमेंट रोडच्या सांध्यावर
टक्‌ न होता नुसतं हुं व्हावं, एवढा.
दुसरा रात्री उशिरा एकटीनं घरी जायचा.
तिसरा धावपट्टीचा. दगड.

रविवारी सहाला पट्टीवर गारवा होता थोडा.
डांबराच्या भेगांत वाळलेलं कुसळ,
कुणाच्या तरी डिकीत तर्रीचं पातेलं.
डॉक्टर तिसऱ्या नकाशावर निघाल्या
आणि दुसऱ्या वळणावर मी पाहिलं,
मागचं चाक रस्त्यावर नव्हतंच. उडत होतं,
तव्यावर ज्वारीचा दाणा उडतो तसं.
एक मिनिट चौदा. मागच्या वेळेपेक्षा दीड सेकंद जास्त.

अजून टाइट करा, कोणीतरी म्हणालं.
मग सगळेच म्हणाले.

मी खाली बसलो. टायरवरून तळवा फिरवला.
मागच्या दोन्हींना दोन क्लिक मागे, पुढच्यांना एक,
नकाशातही हात सैल सोडला.
निमजे, हे तर बाबांच्या गाडीसारखं झालं.
चालवून पाहा, मॅडम.

एक मिनिट अकरा पूर्णांक सहा.

हेल्मेट मांडीवर घेऊन त्या बराच वेळ गप्प होत्या.
मग म्हणाल्या, भूल देतानाही असंच असतं.
जास्त झाली की पेशंट उठत नाही,
कमी झाली की आत जागा राहतो.
आणि नेमकी दिली, तर लोकांना वाटतं
या बाई नुसत्या स्टुलावर बसल्या होत्या.

परत येताना बाबांच्या सीटवर मी होतो.
उमरेड रोडचा फुटका तुकडा पायाखालून गेला,
मला फक्त आवाज आला.

शेडपाशी उतरून माझी मोपेड काढली.
तिचा मागचा शॉकॲब्सॉर्बर दोन वर्षांपासून गळतोय.
शांतीनगर ते घर, प्रत्येक खड्डा
नावानिशी भेटला.