आईचं सूप

घरकुलाच्या पत्र्याखाली अंबादास बोल्लीनं
आईचा साचा घेतला:
मांडीवर सूप, मान खाली.
"हलू नका," म्हणाला. बोटं ऐकेनात.
हातात पान नसतानाही वळत राहिली,
म्हणून सिमेंटमध्ये उजवा अंगठा फराटलेला.

उजनीच्या फुगवट्यात, कुगावच्या अंगाला,
तराफ्यावरून सोडले सगळे:
नऊ बिडीवाल्या, दोन जॉबर, एक मोडका माग.
मासे घर धरतील, म्हणे.

मे महिन्यात पाणी उतरलं,
हनमंत बुडी मारून वर आला, दम खात.
"हातभर पुढचं दिसत नाही.
चाचपत जायचं. फराटलेला अंगठा लागला
की तुझी आई."

आणि सूप?

"सुपाला हात लावू देत नाही.
मरळ बसलीय पिल्लं घेऊन.
धडक मारते."
मनगटावरचा ओरखडा दाखवला त्यानं,
कौतुकानं.

रात्री घरी सांगितलं.
आईनं वळणं थांबवलं नाही.
पंचवीस मोजल्या, दोरा आवळला,
कट्टा बाजूला ठेवला.
मग म्हणाली:
"पिल्लं किती?"
आणि जरा थांबून,
"त्यात छाट किती काढतात?"