आतली बाजू

डॉक्टरांनी माझा गुडघा उजेडाला लावला.
आतल्या बाजूला हाड हाडावर बसलेलं,
बाहेरची फट मात्र शाबूत,
नख जाईल एवढी.
म्हणाले, सगळा नाही बदलायचा, अर्धाच.
दोऱ्या चांगल्यायत तुमच्या, बाई.

टेबलावर प्लास्टिकचा एक गुडघा होता,
त्याच्याखाली कुणाची तरी बिलं दाबून ठेवलेली.
मी विचारलं, उकिडवं बसता येईल?
त्यांनी चष्मा काढला. म्हणजे नाही.
चालाल, जिना चढाल, बाजार कराल,
उकिडवं कशाला बसायचंय आता?

काय सांगणार.
एकतीस वर्षं पोरींना मी तेवढंच शिकवलं.
अमळनेरला शाळेमागचं पटांगण,
चुन्याची रेघ, दोन खांब, आठ जणी,
एकीचं तोंड बोरी नदीकडे, पुढचीचं स्टेशनकडे,
टाचा वर, बोटं मातीत.
गुडघा टेकला की मी शिट्टी मारायचे.
बसायचं ते उठण्यासाठी, पोरींनो,
बूड जड झालं की डाव गेला.

अर्ध्या गुडघ्याचे पैसे अर्धे नसतात,
हे जळगावच्या त्या काउंटरवर कळलं.
दहा-पंधरा वर्षांनी कदाचित परत उघडावा लागेल,
हेही तिथेच, पावतीसोबत.
मी अठ्ठावन्न. बेरीज करून पाहिली,
मग सोडून दिली.

धुळ्याची भावजय म्हणते, अर्धं काय करतेस,
मी दोन्ही अख्खे केले,
रात्री रडायची तेवढं तरी थांबलं.
शेजारची कोकिळा म्हणते,
तुना गुडघा शे बई, माले काय इचारस,
आणि मग तासभर सांगते,
रुईचं पान कसं तापवायचं, एरंडेल किती.
पान बांधलं. पान गार झालं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर जुलेखा तडवी,
माझ्या साखळीतली सातवी.
बाई, बसा ना, म्हणत तिने एका पोराला उठवलं,
आणि धरणगावच्या खड्ड्यांतून
कशालाही न धरता तिकिटं फाडत गेली.
तेव्हाचा तोल अजून तसाच.
उतरताना हात दिला, हळूच म्हणाली,
माझापण वाजतो, बाई. डावा.
हसली.
मला हसता आलं नाही.
किती पोरी असतील, एकतीस वर्षांच्या,
शिट्टीखाली बसवलेल्या.

रात्री गच्चीवर ऊन अजून फरशीत होतं.
पाण्याच्या टाकीला धरून खाली गेले,
टाचा वर, बोटं फरशीवर,
तोंड स्टेशनकडे.
बसता आलं. एवढं अजून येतं,
हे कुणाला तरी दाखवावंसं वाटलं.
उठता येईना.
मालगाडी गेली, मोजत बसले डबे,
एकोणचाळीस, की मधे एक चुकला.
मागून कुणी पाठीला हात लावून
खो म्हणेल म्हणून
खरंच थांबले होते मी, वेड्यासारखी.
खो मिळाल्याशिवाय उठलं तर फाऊल.
शेवटी टाकीचा नळ धरून,
नळ वाकवून,
फाऊल करूनच उठले.

कानबाईला खाली बसून रोट खायचे असतात.
ते एकदा होऊ दे, असं ठरवते,
मग वाटतं, हेच दरवर्षी ठरवत राहीन.
पोरींना मी सांगायचे,
एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरणं नाही.
दिशा कशी घ्यायची ते मात्र
कधी नीट सांगितलं नव्हतं,
म्हणायचे, खांदा वळतो त्या बाजूला.

सकाळी कॅलेंडरवर एका बुधवारी
पेन्सिलने गोल केला.
प्लंबरला फोन लावला नळासाठी.
तो म्हणाला, पूर्ण बदलायचा की वरचा भागच?
म्हटलं, येऊन बघ आधी,
आतून कसाय ते.