दहा लिटरला दोन किलो

अण्णा खाली बसलेले आहेत,
हे मन्मथला दर वेळी सांगावं लागतं.
आपल्यात आडवं निजवत नाहीत,
तरी तो पंप पाठीवर घेऊन असा उभा राहतो
जसा सोयाबीनच्या बांधावर.

गाजरगवत कमरेला लागलंय.
पांढरी फुलं, मोहरीएवढी,
लांबून वाटतं कुणाचा साबुदाणा सांडला.
मागच्या सोमवारी उघड्या हातांनी उपटायला बसले,
रात्रीतून पापण्या अशा सुजल्या
की सकाळी वर्गात पोरं कुजबुजली, नव्या बाई आल्या.
मनगटापासून कोपरापर्यंत चट्टे.
फळ्यावर लिहिता लिहिता खाजवते अजून.
उदगीरच्या डॉक्टरांनी मलम दिलं,
म्हणाले, त्या गवताजवळ जाऊ नका.
त्यांना काय सांगू, तिथं जवळ कोण आहे.

मन्मथचं कृषी सेवा केंद्र.
त्याच्याकडे सगळ्यावर बाटली असते.
"टाकीला शंभर मिली, ताई. मुळासकट जळतंय.
कामून एवढा विचार करूलालीस?"
बाटलीवरची बारीक अक्षरं घरात मीच वाचते.
लहान मुलं, जनावरं, पिण्याचं पाणी
लांब ठेवा, असं लिहिलंय.
खाली बसलेल्यांबद्दल काही नाही.

मग मी माझं औषध केलं.
धुण्याच्या बादलीत दहा लिटर पाणी,
दोन किलो खडेमीठ, विरघळेपर्यंत काठीनं ढवळलेलं,
वर कपड्याच्या साबणाचा कीस,
पानाला धरून राहावं म्हणून.
मन्मथ हसला. "लोणचं घालूलालीस का?"

हसला, आणि गप्प झाला.
त्या दिवशी पोती त्यानंच आणली होती
मोंढ्यातून, उधारीवर.
आधी विभूती, मग बेलाची पानं, मग मीठ,
मांडीपर्यंत, छातीपर्यंत,
डाव्या तळहातावरचं लिंग दिसेनासं होईपर्यंत.
स्वामी म्हणत होते, अजून टाका.
मन्मथच्या हातातलं पोतं
रिकामं होता होता जड होत गेलं.

आणि शेवटची तीन वर्षं
बीपीमुळं अण्णांचं मीठ बंद होतं.
वरणात बोट बुडवून आमच्याकडं असे बघायचे
जसं आम्हीच चोरलंय.

उन्हं चढल्यावर, वारा पडल्यावर फवारलं.
हातात दुधाच्या पिशव्या, मनगटाला रबर.
तिसऱ्या दिवशी पानं काळी पडली, कडेनं वळली.
शेजारची हरळी पण गेली,
लेकीनं लावलेला झेंडूही गेला.
बुडखे मात्र हिरवे.
मीठ पानापुरतंच, मूळ त्याला ऐकत नाही.
हे मन्मथला मी सांगितलं नाही.

रविवारी गेले तर
कुंपणापासून सगळं पिवळं पडलेलं,
त्याच्या बाटलीचा वास, ओला, डोक्यात जाणारा.
फक्त अण्णांच्या भोवती, चार पावलं,
माती उकरलेली, ताजी,
आणि एका बाजूला मुळांसकट ढीग.

दुकानात गेले.
एका हातानं तो गिऱ्हाईकाला सुटे पैसे देत होता,
दुसऱ्यानं मान खाजवत होता.
डोळे सुजून दोन चिरा झालेले.
"काय झालं रे?"
"काही नाही. खताची धूळ."

मी पर्समधली मलमाची ट्यूब
काउंटरवर, पावतीबुकाशेजारी ठेवली.
अर्धी उरली होती.